वाकडी टीप

शिवणाच्या मशीनवर प्रत्यक्ष शिवण्याचं काम फार थोडं असतं. उशीच्या अभ्र्याला टीप मारायला पाच मिनिटं पुरतात. पण त्या पाच मिनिटांआधी जेवणाचं टेबल मोकळं करावं लागतं. सकाळचा पेपर, औषधांचा डबा, लोणच्याची बरणी, कुणीतरी अर्धवट सोडलेलं शब्दकोडं, या सगळ्यांची दुसरीकडे सोय लावावी लागते. कपाटावरून मशीन उतरवायला घरातला उंच माणूस लागतो आणि तो नेमका तेव्हाच कामात असतो. एक्स्टेन्शन बोर्ड सापडतो, पण त्याला घरातले सगळे मोबाइल लटकलेले असतात. अखेर सगळं जमून येतं आणि मग कळतं की कापड मोरपंखी आहे आणि डब्यात मोरपंखी सोडून जगातल्या सगळ्या रंगांचे दोरे आहेत. झालं. कापडाचा नखाएवढा तुकडा कापून पर्समध्ये ठेवायचा आणि तुळशीबागेची पुढची फेरी होईपर्यंत अभ्रा लांबणीवर टाकायचा.

तुळशीबागेतला दोऱ्यांचा दुकानदार तो तुकडा आणि तीनचार रिळं घेऊन दुकानाच्या दारापर्यंत येतो, उजेडात धरतो आणि म्हणतो, “ताई, एक शेड गडद घ्या, शिवल्यावर फिका दिसतो.” आपल्याला वाटतं, याच्याकडे बरोबर शेड नसणार. पण त्याचं म्हणणं खरं असतं. रिळावर दोरा दाटीवाटीने बसलेला असतो म्हणून गडद दिसतो. टिपेत तो एकटा पडतो आणि उतरतो.

आमचं मशीन झिगझॅगचं. पांढरं, सहासात किलोचं, उचलायला वर दांडी, समोर टाक्याच्या लांबी-रुंदीच्या चकत्या, पोटात दिवा आणि पायाखाली पेडल. हे पेडल फरशीवर घरंगळत जातं. शिवता शिवता ते टेबलाखाली पुढे पुढे सरकतं आणि आपण खुर्चीवरून त्याच्यामागे सरकत जातो. लांबलचक पडद्याची टीप संपते तेव्हा शिवणारीची फक्त मान टेबलाच्या वर उरलेली असते. पेडलखाली रबरी पायपुसणं घातलं की हे थांबतं, आणि हे शहाणपण कुठल्याच माहितीपुस्तिकेत दिलेलं नसतं.

मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातला मुलगा डेमो द्यायला आला होता. त्याने सॅकमधून स्वतःची पांढऱ्या कापडाची पट्टी काढली आणि चकती फिरवत फिरवत एकवीस प्रकारचे टाके ओळीने काढून दाखवले. लाटा, बाण, शंख, चौकटी, पानांची वेल. वेग असा, की बोटांकडे बघावं तर टाके निसटत होते आणि टाके बघावेत तर बोटं. “एकदम सोप्पंय मॅडम,” म्हणून तो चहा घेऊन गेला. ती पट्टी मशीनच्या खणात अजून आहे. त्यानंतर या घरात पानांची वेल कुणीही काढलेली नाही. ओळखीच्या बऱ्याच घरांत मी चौकशी केली आहे. पट्टी सगळीकडे आहे, वेल कुठेच नाही. सरळ टीप, झिगझॅग आणि काज, एवढ्या तिघांवर घर चालतं. बाकीचे अठरा खोक्यावर छापण्यासाठी असतात.

सासूबाईंनी ती पट्टी चष्मा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारलं, “यात सरळ टीप कुठली?” मुलाने दाखवली. “बारीक आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ झालं.

सासूबाई शिवणकर्तनाच्या क्लासला गेलेल्या आहेत आणि त्या काळी क्लास म्हणजे काय होतं हे त्या आम्हाला अधूनमधून ऐकवतात. सुरुवातीला कापडाला हात लावू देत नसत. मशीनमध्ये दोरा नाही, नुसती सुई, आणि तिच्याखाली शाळेच्या वहीचा रेघांचा कागद. रेघेवर भोकं पडली पाहिजेत. एकही भोक रेघ सोडून गेलं की बाई कागद फाडायच्या आणि नवा द्यायच्या. सरळ रेघा जमल्या की मग गोल, मग चौकोनाचे कोपरे. दोरा ओवायचा मान त्यानंतर. मग झबलं, टोपडं, चड्डी, परकर आणि सर्वांत शेवटी ब्लाउज, तोही आधी ब्राउन पेपरवर छातीचा चौथा हिस्सा अधिक ढिलाई असा हिशेब मांडून. वहीत वीतभर कापडाचे नमुने चिकटवायचे: धावदोरा, उलटी टीप, हातशिलाई, काज, हूक-लूप. या शिक्षणातून तयार झालेल्या बाईला सरळ टीप ही नुसती टीप वाटत नाही. ती मुलगी कुठल्या घरची आहे, तिला वळण आहे की नाही, हे सगळं तिला त्या टिपेत दिसतं. त्यामुळे मशीन मुद्दाम वाकडी टीप घालतं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात, हे ऐकून त्यांनी काही न बोलता पट्टी माझ्या हातात दिली.

त्यांचं स्वतःचं पायमशीन अजून गॅलरीत आहे. काळं कुळकुळीत, मानेवर सोनेरी नक्षी, खाली लोखंडी जाळीचा पाय, चाकावर चामड्याची वादी. मामंजींनी ते हप्त्यावर घेतलं होतं. त्या काळी एवढी रक्कम एकदम काढणं कुणाला शक्य होतं? हप्त्याची ही सोय मशीनच्या धंद्यात फार जुनी आहे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ती १८५६च्या सुमारास अमेरिकेत सुरू केली, आणि मशीनच्या शोधाइतकाच या एका युक्तीने सिंगर कंपनीला हात दिला. आपल्याकडे कोलकात्याच्या कारखान्यातून उषाची मशीनं १९३०च्या दशकात निघू लागली आणि पुढे सिंगर की उषा हा वाद घरोघरी रंगू लागला. तो अजून मिटलेला नाही. आमच्या इमारतीत तो गच्चीवर पापड वाळत घालताना चालतो.

सासूबाईंच्या वडिलांकडे खादी होती. सूत घरात कातलं जायचं, मग त्या घरात परदेशी बनावटीचं मशीन कसं चालायचं, असं मी एकदा विचारलं. “गांधीजींनी चालवून घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. आणि ते खरं आहे. १९२४मध्ये रामचंद्रन या तरुणाने गांधीजींना विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. तेव्हा त्यांनी सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून काढलं. कारणही सुरेख दिलं: सिंगरने आपल्या बायकोला हाताने शिवता शिवता कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं. ही मुलाखत ‘यंग इंडिया’त छापून आली आहे.

बायको कुठली, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही. आयझॅक सिंगर हा मुळात नाटक कंपनीतला नट. १८५०मध्ये तो बोस्टनच्या एका कारखान्यात होता, तिथे दुसऱ्याच कुणाची सारखी बिघडणारी शिवणयंत्रं दुरुस्तीला येत. ती बघून त्याने त्यांच्यात सुधारणा केल्या आणि १८५१मध्ये पेटंट घेतलं. संसार त्याने एकाच वेळी अनेक ठिकाणी थाटले होते. मुलं सगळी मिळून वीसच्या वर, आणि हे प्रकरण बाहेर फुटल्यावर त्याला न्यू यॉर्क सोडून युरोपात जावं लागलं. मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या हरभरे सोलत होत्या. “मग एवढ्या लेकरांची झबली हाताने कोण शिवणार?” त्या म्हणाल्या. “लागणारच की मशीन.”

आता दोरा ओवण्याकडे येऊ, कारण मशीन बिघडलं असं वाटून लोक ज्या ज्या वेळी दुकान गाठतात, त्यातल्या बऱ्याच वेळी बिघडलेलं काही नसतं, दोरा चुकलेला असतो. रिळावरून निघालेला वरचा दोरा आधी दोन पातळ चकत्यांच्या मधून जातो. दोऱ्याचा ताण ठरतो तो इथे. मग तो वरखाली होणाऱ्या दांडीच्या डोळ्यातून जातो आणि तिथून सुईत. ओवताना कापडावरचा दाब वर उचललेला हवा. दाब वर असतो तेव्हा त्या चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये जाऊन बसतो. दाब खाली असताना ओवला, तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर निघून जातो आणि त्याला कुणी धरतच नाही. मग टीप वरून बघावी तर देखणी आणि कापड उलटं करावं तर दोऱ्यांचं जंजाळ.

इथे प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. जंजाळ खाली दिसतंय म्हणून खालचं झाकण उघडतो, बॉबिन काढतो, बॉबिनच्या डबीवरचा इवलासा स्क्रू पिळतो. आमच्या ह्यांनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली आहे, त्यांना मात्र हा प्रकार एका वाक्यात समजला: घोळ तळाला दिसतो, कारण वर असतं आणि मेमो तळच्या माणसाला मिळतो. त्या बिचाऱ्या स्क्रूला शक्यतो हात लावू नये. लावायचाच तर आधी एक परीक्षा करावी. डबीत बॉबिन घालून दोऱ्याने ती हवेत लोंबकळती धरायची. ती जागच्या जागी थांबायला हवी, आणि हाताला हलका हिसका दिला की थोडीशी खाली उतरायला हवी. धाडकन खाली आली तर सैल, हिसक्यालाही दाद देत नसेल तर घट्ट. हे ज्यांच्या मशीनला वेगळी सुटी डबी आहे त्यांच्यासाठी. काहींची बॉबिन वरून टाकायची असते, त्यांनी या फंदात पडू नये.

मशीनची टीप आणि हाताची टीप यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो सुईच्या भोकात आहे. हाताच्या सुईचं भोक तिच्या माथ्याशी, मशीनच्या सुईचं टोकाशी. एलायस हाउ याने १८४६मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं त्या मशीनमध्ये टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा अशी जोडी होती, आणि आज आपल्या टेबलावर चालतं ते तेच. सुई कापडात पूर्ण घुसते, मग किंचित वर येऊ लागते. तेवढ्या क्षणात तिच्या मागे दोऱ्याचा एक छोटा फास सुटतो. खाली फिरणारी चोच तो फास पकडते, बॉबिनच्या भोवतून फिरवून आणते आणि वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकतात. हा फास अगदी लहान असतो. सुई अर्धा मिलिमीटर खाली बसलेली असली, किंचित वाकलेली असली, किंवा तिच्या माथ्याची चपटी बाजू चुकीच्या दिशेला असली, की चोच फासाला गाठत नाही आणि टाका सुटतो. लोक म्हणतात, मशीन टाके सोडतंय.

आता वाकड्या टिपेचं. पूर्वी आपल्या घरांत शिवायला काय असायचं? लट्ठा, पॉपलीन, खण, टू बाय टू. या विणलेल्या कापडांना सरळ टीप शोभते आणि टिकते, कारण कापड ताणत नाही. आज घरात कपाट उघडा. टी-शर्ट, लेगिंग्ज, ट्रॅक पँट, होजिअरीचे गाऊन. हे सगळं ताणणारं. लेगिंग्जची शिवण उसवली म्हणून तिच्यावर कितीही सुबक सरळ टीप मारली, तरी लेक मांडी घालून बसली की टचकन आवाज येतो. कापड ताणलं गेलं, दोरा ताणला गेला नाही.

झिगझॅग टिपेत दोरा मुळातच जास्त असतो. समजा, टाक्याची रुंदी ४ मिलिमीटर ठेवली आणि दर टाक्याला कापड ३ मिलिमीटर पुढे सरकलं, तर तिरका गेलेला दोरा ५ मिलिमीटर भरतो. शाळेत काटकोन त्रिकोणाच्या वेळी हेच तीन-चार-पाच पाठ केलेलं असतं. ते कुठे उपयोगी पडणार असं तेव्हा विचारलं असतं तर भूमितीच्या सरांनी लेगिंग्ज असं उत्तर दिलं नसतं. कापड ताणलं की तिरके टाके उभे होऊ लागतात, टीप अरुंद होते आणि हाताशी शिल्लक असलेला दोरा सोडते. सोडलं की पुन्हा जागेवर. एवढा साधा हिशेब आहे. प्रत्यक्षात लेगिंग्जसाठी एवढी रुंद टीप लागतही नाही. रुंदी जेमतेम १, लांबी अडीच, इतकी किंचित वाकडी, की दुरून सरळच वाटावी.

सासूबाईंच्या नव्या होजिअरीच्या गाऊनची काखेतली शिवण गेली तेव्हा त्यांनी ती गॅलरीतल्या काळ्या मशीनवर स्वतः मारली. ती पुन्हा गेली. त्यांनी आणखी बारीक टीप मारली. तीही गेली. मग एके दिवशी दुपारी गाऊन माझ्या पुढ्यात आला. “तुझ्या त्या वाकड्याने बघ,” एवढंच म्हणून त्या टीव्हीसमोर जाऊन बसल्या. शिवण टिकली. याचा उल्लेख नंतर झाला नाही आणि मीही काढला नाही. फक्त एवढंच झालं, की आता गाऊन विकत आणला की तो आधी माझ्या टेबलावर येतो.

ही टीप घालणारं मशीन अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या हेलन ब्लँचर्ड या बाईंनी १८७३मध्ये पेटंट केलं. घरचा धंदा बुडाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला आणि पुढे एकूण २८ पेटंटं मिळवली, त्यांतली बहुतेक शिवणयंत्राशी संबंधित. कापडाची कड दोऱ्याने बांधून टाकावी म्हणजे सुतं सुटणार नाहीत, हा त्यांचा विचार. ही टीप सर्रास घरगुती मशीनवर यायला पुढे विसावं शतक बरंच सरावं लागलं. महाराष्ट्रात कुठल्याही गावात जा, एका तरी तळमजल्याच्या खिडकीवर ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी दिसते. त्या खिडकीत बसून शेकडो बायकांनी मुलांच्या फिया भरल्या आहेत. साडीची कड किंचित मुडपून तिच्यावर दाट झिगझॅग घालायची, तो आपला पिको. खिडकीतल्या बाईला ब्लँचर्डबाई माहीत असण्याचं कारण नाही, पण नातं सरळ लागतं.

फॉलबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. सुती फॉल आधी पाण्यातून काढावा, वाळवावा, इस्त्री करावी आणि मगच लावावा. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि साडीचा घोळ कायमचा गोळा होऊन बसतो. पैठणीला आणि चांगल्या रेशमी साडीला फॉल मशीनने लावू नये, हाताने घालावा. मशीनची टीप उसवताना रेशमात भोकं राहतात. यावर आमच्या घरात दोन्ही मशीनवाल्यांचं एकमत आहे.

काज ही मात्र भित्र्या माणसाची गोष्ट नाही. घरगुती झिगझॅगवर काज चार पायऱ्यांत होतं: डावी बाजू दाट झिगझॅगने, मग एका टोकाला रुंद टाके, मग उजवी बाजू, मग दुसरं टोक. हे चौघं जमून येईपर्यंत ठीक असतं. खरी परीक्षा त्यानंतर, काज मधोमध कापताना. इतके कष्ट करून शिवलेल्या ब्लाउजला आता स्वतःच्या हाताने धारदार काडी खुपसायची. काडी जरा जोरात गेली की टोकाचे टाके तोडून पुढे निघते. म्हणून टोकाच्या अलीकडे आडवी टाचणी लावून ठेवतात. टाचणीला अडकून काडी थांबते. आमच्या ओळखीच्या एक काकू तर काज करतात आणि कापतच नाहीत. वर बटण शिवतात आणि आतून हूक लावतात. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला हा उपाय पूर्णपणे मान्य आहे.

मशीन घरात आहे ही बातमी फार दिवस लपत नाही. मग दारावरची बेल वाजते. “अगं, तुझ्याकडे ते मशीन आहे ना? दोनच मिनिटांचं काम आहे.” दोन मिनिटांचं काम म्हणजे हॉलचे पडदे, तेही चारही खिडक्यांचे. किंवा दोन मिनिटांचं काम म्हणजे स्नेहसंमेलन उद्या सकाळी आठला आहे आणि नातवाला भेंडी व्हायचंय. गल्लीतले टेलर आता असली कामं घेत नाहीत. “अल्टरचं आपण बंद केलंय वहिनी,” असं ते म्हणतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. नव्या शर्टाला जो वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळ जुनी शिवण उसवण्यात जातो आणि गिऱ्हाईक मोबदला देताना म्हणतं, नुसती टीप तर मारायची होती.

सर्वांत अवघड जीन्सची खालची दुमड. बाजूची शिवण जिथे येते तिथे कापडाचे इतके थर जमतात, की मशीन घुरघुरतं आणि उभं राहतं. पेडल आणखी दाबलं की सुई मोडते. अशा वेळी ती जाड जागा आधी कुटायची. आमच्याकडे त्यासाठी खलबत्त्याचा बत्ता आहे. कुटून चपटी झाली, की जीन्सची जाड सुई लावायची आणि ते दोनचार टाके चाक हाताने आपल्याकडे फिरवत घ्यायचे. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं, पलीकडे कधीच नाही. पलीकडे फिरवलं की आत दोऱ्याचा गुंता होतो. बत्त्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी विचारतात, आज कसली चटणी?

या कामांचे पैसे कुणी विचारत नाही आणि कुणी देतही नाही. मात्र डबा येतो. जीन्सच्या दुमडीला दडपे पोहे, पडद्यांना पुरणपोळ्या, असा दर हळूहळू आपोआप ठरत गेला आहे. भेंडीच्या पोशाखाला काय आलं असेल ते सांगायला नको. २०२०मध्ये सगळ्या इमारतीला सुती मास्क हवे होते तेव्हा इलास्टिक बाजारात मिळेनासं झालं. मग परकराच्या नाड्यांवर भागवलं, आणि तेव्हा सासूबाईंचं काळं मशीन आणि माझं पांढरं मशीन दोन्ही एकाच वेळी चाललं. मास्कला सरळ टीप लागते. त्यांचे मास्क माझ्यापेक्षा लवकर होत.

तेलाबद्दल लोकांचे दोन पंथ आहेत, एक काहीच न घालणारा आणि एक दिसेल तिथे घालणारा. दुसऱ्या पंथातले काही जण खोबरेल घालतात. खोबरेल थंडीत गोठतं, आणि एरवीही दिवसांनी चिकट होऊन भुशाला धरून बसतं. मशीनसाठी मशीनचंच पातळ तेल, लांब चोचीच्या छोट्या बाटलीतलं. काळ्या मशीनला ते अंगभर लागतं, वरच्या भोकाभोकांत एकेक थेंब. नव्या झिगझॅगना पुस्तिकेत सांगितलेल्या जागांपुरतंच, बहुधा बॉबिनच्या घराजवळ, आणि काहींना तर नकोच असतं. तेलापेक्षा ब्रश महत्त्वाचा. बॉबिनच्या घरात आणि दातांच्या खाली कापसाचा इतका भुसा साठतो, की त्याची नमद्यासारखी गादी होते आणि कापड पुढे सरकायचं थांबतं. ती उपसून काढायला पाच मिनिटं लागतात. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवायचं. तेलाचा डाग नेहमी पांढऱ्या कापडावरच पडतो.

घ्यायचंच असेल तर साधं घ्या. सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांची झिगझॅग, काज आणि बाही-पँटच्या मोहरीत घालता येईल असा सुटा हात, एवढं असलं की पुष्कळ झालं. शंभर नक्षी आणि पडद्यावर बोट लावून चालणारं मशीन चांगलं असतं, पण ते चालू करायला घरातलं शिकलंसवरलेलं मूल शोधावं लागतं. दुकानात जाताना स्वतःचं कापड घेऊन जा: एक सुती, एक ताणणारं आणि जीन्सचा एक दुमडलेला तुकडा. दुकानातली पांढरी पट्टी सगळ्याच मशीनवर छान शिवली जाते.

आणि सुई. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. ९० म्हणजे ती ०.९० मिलिमीटर जाड, १४ हा तिचाच अमेरिकी नंबर. शिफॉन, जॉर्जेटला ६५ किंवा ७०, रोजच्या सुतीला ८० नाहीतर ९०, जीन्सला १००, आणि टी-शर्टसाठी गोल टोकाची, म्हणजे ती धाग्याला न भोसकता बाजूला सारते. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी असं म्हणतात. घराघरांत ती मोडेपर्यंत चालते. बोथट झालेली सुई कापडात शिरताना टक टक आवाज करते, रेशमाची सुतं ओढते, टाके सोडते, आणि या सगळ्याबद्दल बोल मशीनला लागतो. एका सुईला चहाच्या कपाएवढे पैसे पडतात. दुरुस्तीवाल्याला फोन लावण्याआधी, बॉबिनच्या त्या स्क्रूला हात घालण्याआधी, कृपा करून आधी सुई बदला.